आमच्या दुःखाचा पंचनामा नको, गोष्ट पाहिजे

आपल्या वस्तीतला पोरगा लिहायला बसला की त्याच्याकडं दोनच वस्तू मागतात. कविता, नाहीतर आत्मकथन. कविता सभेत म्हणायला बरी नि आत्मकथन प्रकाशकाला विकायला बरं. कथा कुणी मागत नाही. कथा रचायला डोकं लागतं, कल्पना लागते, नि ह्या दोन वस्तू आपल्याकडं असतील असं ह्यांना अजून वाटत नाही. आपल्याकडं फक्त दुःख आहे अशी ह्यांची पक्की समजूत. आम्ही रडायचं, ह्यांनी हुंदका आवरायचा. मग टाळ्या, मग पुरस्कार, मग चहा.

माझी एक कथा एका मासिकाच्या संपादकानं परत पाठवली. सोबत चिठ्ठी. तुम्ही गोदीत काम करता, इतकं दाहक जगता, मग हे काल्पनिक कशाला? स्वतःचं लिहा, जसं घडलं तसं. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय, कारण तिच्या चार ओळींत आख्खं राजकारण आहे. जसं घडलं तसं सांगतो तो साक्षीदार. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करतात. विचारतील तेवढंच त्यानं बोलायचं. निकाल दुसराच कुणी देणार. लेखक मात्र कुणाच्या विचारण्याची वाट बघत नाही. काय विचारायचं हेही तोच ठरवतो. आम्हाला साहित्यात बोलावतात ते साक्षीदार म्हणून. लेखक म्हणून नाही.

आत्मकथनाला मी शिवी घालत नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं नि मराठी वाचणाऱ्या पांढरपेशाची झोप उडाली. पण त्या पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो नि शिकलेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन केलेत. एक गावकुसाबाहेरचा, एक कचेरीतला. ही रचना आहे, कारागिरी आहे. 'जसं घडलं तसं' नाही हे. पण दाहक दाहक म्हणून माना डोलवणाऱ्यांना कारागीर दिसला नाही. त्यांना फक्त चटका दिसला. सुताराचं टेबल बघून लाकडाचंच कौतुक करायचं, असला हा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कल्पना करायचा हक्क हाही हक्क आहे. पाण्याचा होता, देवळाचा होता, शाळेचा होता, तसाच हा. तो कुणी देणार नाही. घ्यावा लागेल. आणि तो कथा लिहूनच घेता येतो, ठराव करून नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला. पोटासाठी मुंबईच्या गोदीत. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरचा माणूस चरखा काढतो. सेवाग्राम, पवनार, बापू, विनोबा. १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना उघडं केलं, हे शाळेत शिकवतात. गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, हे शिकवतात. गांधींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथं दारूबंदी आहे, हेही सांगतात. दारूबंदीच्या जिल्ह्यात नाल्याकाठी मोहाची भट्टी कोण लावतो, पोलीस कुणाला पकडतात, कुणाला सोडतात, नि त्या भट्टीवर कुणाच्या पोराची वही-पाटी चालते, हे कुणी शिकवत नाही. जिल्ह्याची गोष्ट दुसऱ्यानं सांगून टाकलीय. आपण त्या गोष्टीत कुठंतरी मागं झाडू घेऊन उभे.

साहित्य संमेलन वर्ध्याला १९६९ साली भरलं. अध्यक्ष पु. शि. रेगे. त्याच साली १८ जुलैला अण्णाभाऊ साठे मुंबईत वारले. त्याच साली बाबुराव बागुलांचं 'मरण स्वस्त होत आहे' आलं. ही तीन वाक्यं एकाखाली एक मांडली की मराठी साहित्याचा नकाशा दिसतो. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यालाच ९६ वं संमेलन झालं, अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. हे विद्रोही संमेलन पहिल्यांदा धारावीत १९९९ साली भरलं तेव्हा अध्यक्ष बागूलच होते, म्हणजे कथाकारच. एका गावात दोन मांडव झाले ही चांगली गोष्ट. पण मांडव वेगळा घातला म्हणून कथा वेगळी होत नाही. कथा वेगळी व्हायला सांगणारा वेगळा लागतो.

आता कामाचं बोलू. कथा सुचते कुठून, नि ती आपल्या जिभेनं सांगायची कशी.

पहिली गोष्ट : विषय म्हणजे कथा नव्हे. 'अत्याचार' ही कथा नाही. 'बेकारी' ही कथा नाही. ही मथळ्याची नावं. आपली पोरं इथंच फसतात. पहिल्या पानावर अत्याचार, दुसऱ्या पानावर भाषण, तिसऱ्या पानावर निळा झेंडा, संपलं. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच शेवट कळतो. सवर्ण वाचक हळहळतो नि आपला वाचक जांभई देतो. दोघांचंही काही जागचं हलत नाही.

अण्णाभाऊ बघा. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस. त्यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. भीमा नावाचा पैलवान गडी. खाणीत दगड फोडायचा. खाण बंद पडली. पोट भरेना तेव्हा मसणातली राख चाळू लागला, पुरलेली मढी उकरू लागला. मढ्याच्या अंगावर राहिलेलं सोनं शोधायचं नि विकायचं. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढं ताब्यात घेतो, तोंडात बोटं घालतो, नि मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं तुटतात. आणि मग बातमी येते, खाण पुन्हा चालू झाली! डोंगर फोडणारी बोटं गेल्यावर काम आलं. ह्यात अण्णाभाऊंनी बेकारीवर भाषण केलं नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी उलट्या क्रमानं आणल्या. आधी बोटं गेली, मग काम आलं. काम एक दिवस आधी आलं असतं तर कथा झाली नसती, आठवण झाली असती. ह्याला म्हणायचं कथेचं बीज. बीज म्हणजे प्रसंग असा रचायचा की माणसाला दोनच दारं, नि कुठलंही उघडलं तरी हाताची बोटं चिरडणार.

बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचं. बागूल स्वतः रेल्वेत होते, सुरतेकडं. जात लपवल्याशिवाय खोली मिळेना. हा त्यांचा अनुभव. 'जसं घडलं तसं' लिहिलं असतं तर तीन पानांत संपलं असतं. त्यांनी काय केलं? जात चोरणाऱ्या नायकाच्या शेजारी काशीनाथ हे पात्र उभं केलं. एक जात लपवतो, गोड बोलतो, मान मिळवतो. दुसरा जात लपवत नाही नि अपमान झाला की अंगावर धावून जातो. आता लपवणाऱ्याला काशीनाथकडं बघताना रोज स्वतःची लाज वाटणार. लाज आणि भीती एकाच खोलीत कोंडली. मग जात उघडी पडते, मार बसतो, नि सोडवायला येतो तो काशीनाथच. अनुभवाची कथा झाली ती ह्या दुसऱ्या माणसामुळं. तर अनुभव एकटा ठेवू नकोस. त्याच्यासमोर त्याला टोचणारा दुसरा माणूस आणून बसव.

त्यांच्या 'आई' ह्या कथेतही हीच तऱ्हा. वर्गात गुरुजी आईवरची कविता शिकवतात. पुस्तकातली आई, पवित्र, गोड. आणि ऐकणाऱ्या पोराची आई विधवा, झोपडपट्टीतली, मुकादमाच्या नजरेखाली काम करणारी. बागुलांनी पुस्तकाच्या आईला शिवी दिली नाही. तिला फक्त ह्या आईशेजारी उभी केली. शाळेच्या त्या कवितेचं काय होतं ते वाचणाऱ्यानं बघावं.

आता माझ्या जिल्ह्यातलं सांगतो. पुलगावला लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे. ३१ मे २०१६ ला तिथं आग लागली. दोन लष्करी अधिकारी नि आग विझवणारे जवान गेले. मग २० नोव्हेंबर २०१८ ला भांडाराजवळ सोनेगावच्या बाजूला जुना दारूगोळा निकामी करायचं काम चालू असताना स्फोट झाला. सहा माणसं मेली, त्यात ठेकेदाराकडचे आसपासच्या गावांतले मजूर. दारूगोळा उडवल्यावर मातीत धातूचे तुकडे राहतात. ते वेचून विकणारी माणसं त्या भागात आहेत, हे तेव्हा पेपरांतही आलं. मसणातल्या राखेतलं सोनं नि बॉम्बच्या मातीतलं पितळ! अण्णाभाऊंची कथा सहा दशकांनंतर आमच्या शिवारात येऊन बसली. पण म्हणून कथा झाली काय? नाही. हा अजून विषय आहे, बातमी आहे. त्यावर सहा कविता मी वाचल्या. सहाही कवितांत स्फोट होता, माणूस नव्हता.

मी काय केलं ते सांगतो. गोदीत ठेकेदारीच्या कामात एक चाल चालते : दुसऱ्याच्या नावावर पाळी भरायची. भाऊ आजारी, हजेरी जाऊ नये म्हणून धाकटा त्याच्या नावानं येतो. मुकादमाला माणसाशी मतलब, नावाशी नाही. पोती उचलली जाण्याशी मतलब. ही चाल मी इथून उचलली नि तिकडं नेऊन ठेवली. तिथं असं घडलं असं मी म्हणत नाही. मी रचतोय. दोन भाऊ. थोरल्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत. थोरल्याला ताप. धाकटा त्याच्या नावावर कामाला जातो नि स्फोटात जातो. ओळख पटायला काही उरत नाही. वहीप्रमाणं थोरला मेला. सरकारनं मदत जाहीर केली ती थोरल्याच्या बायकोला. आता थोरला जिवंत आहे, तापानं घरात पडलाय. तो बाहेर आला तर पैसा गेला. तो लपून राहिला तर धाकट्याची बायको विधवा झाली हे कुठल्याच कागदावर नाही. तिचा नवरा वहीप्रमाणं कामावर गेलाच नव्हता.

आता बघा, कुणी वाईट नाही, कुणी खलनायक नाही. ठेकेदार सुद्धा मध्ये येत नाही. पण व्यवस्था आख्खी उभी आहे, दोन बायांच्या मध्ये, एका चुलीवर. हे भाषणानं होत नाही. वही, हजेरी, नाव, मदत, ह्यांच्या चाकात माणसाचा हात कसा सापडतो हे ज्याला ठाऊक, त्यालाच हे रचता येतं. आणि ते आपल्याला ठाऊक आहे. संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसणाऱ्याला नाही. ही आपली जमीन. ही कसायची की पडीक ठेवायची?

दुसरी गोष्ट : कोण सांगतोय? इथं शैलीचा प्रश्न येतो. शैली म्हणजे अलंकार, शैली म्हणजे चार शिव्या, शैली म्हणजे नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'सारखं लिहिणं असा काहींचा समज आहे. 'गोलपिठा' १९७२ साली ढसाळांनी लिहिला. तो त्यांनीच लिहायचा होता. दुसऱ्यानं लिहिला की ती नक्कल. शैली म्हणजे कोण बोलतोय, कुणाशी बोलतोय, नि काय बोलायची त्याला चोरी आहे. बस्स.

माझ्या त्या कथेत सांगणारे तीन. थोरला सांगेल तर पहिलं वाक्य असं पडतं : "ज्या दिवशी मी मेलो त्या दिवशी मी घरी तापानं फणफणून राह्यलो होतो." तो कुणालाच सांगू शकत नाही. म्हणून त्याची भाषा आतल्या आत, अर्धवट, तापातली. धाकट्याची बायको सांगेल तर : "कागदावर माहा नवरा जित्ता हाय." ती कचेरीतल्या साहेबाला सांगते. साहेबासमोर ती शाळेतलं मराठी आठवून आठवून बोलते, रडू आलं की वऱ्हाडीवर घसरते, नि सावरून पुन्हा 'आहे-नाही' करते. त्या घसरण्यात आख्खी कथा आहे. आणि तिसरी हजेरीची वही. तिची भाषा एकच : "हजर." तीच माणसं, तोच स्फोट, पण सांगणारा बदलला की कथा बदलली. मी धाकट्याच्या बायकोला सांगायला लावलं. कारण थोरल्याकडं गुपित आहे, पण तिच्याकडं गुपितही नाही. तिच्याकडं काहीच नाही.

आता उद्धव शेळके. हा हिंगणघाटचा माणूस, जन्म १९३१. आपल्यातला नव्हे, शिंप्याचा. पण गरिबी त्यानं पुस्तकात वाचली नव्हती. 'धग' १९६० साली आली. कौतिक नावाची बाई. नवरा महादेव शिवणकामाला नेटानं बसत नाही. पोरं भीमा, नामा, यसोदा. कौतिक दुसऱ्याच्या वावरात राबते नि घर धरून ठेवते. नवऱ्याला महारोग होतो, तोही घर सोडून जातो. ती बाई एकेक करून हरत जाते, पण लेखक तिच्यासाठी गहिवर काढत नाही. मराठी पांढरपेशी कादंबरी दिवाणखान्यात चहाचे पेले वाजवीत होती तेव्हा ह्या माणसानं कौतिकला वऱ्हाडीत बोलू दिलं. 'काहून', 'मले', 'तुले', 'करून राह्यली'. खालचे अर्थ न देता. कळलं तर कळलं. पुढं त्यांनी पोटासाठी ढिगानं कादंबऱ्या लिहिल्या. लिहून जगायचं तर हे करावं लागतं. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालत असतं.

पण शेळक्यांच्या 'धग'मध्ये एक मेख आहे नि ती आपण सोडवायची आहे. पात्रं बोलतात वऱ्हाडीत, पण सांगणारा बोलतो पुस्तकी मराठीत. म्हणजे कौतिक अंगणात नि निवेदक ओसरीवर. १९६० साली एवढं झालं हीच मोठी उडी होती. पुढची उडी आपली. बोलीला संवादाच्या अवतरणचिन्हांत किती दिवस कोंडून ठेवणार? अवतरणचिन्हं म्हणजे भाषेचं गावकूसच झालं. आत बोली, बाहेर शुद्ध. सांगणाऱ्यानंच बोलीत सांगितलं तर काय बिघडतं? 'तो जात आहे' नि 'तो जाऊन राह्यला' ह्यात नुसता उच्चाराचा फरक नाही. 'जाऊन राह्यला' मध्ये वेळ लांबतो, पाय ओढले जातात. आमच्याकडं माणूस असाच जातो.

पण ह्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. बोली म्हणजे लग्नातला फेटा नव्हे, मिरवायला बांधायचा. काही लोक पानापानावर 'काहून बे' पेरतात नि झाली वऱ्हाडी कथा! बागूल बघा. त्यांनी पुस्तकी मराठीच घेतली, पण तिला असं तापवलं की ती ज्यांची होती त्यांचेच हात पोळले. तो त्यांचा मार्ग. दया पवारांनी दोन आवाज केले, शेळक्यांनी दोन थर केले, बागुलांनी एकच लाव्हा केला. नियम एवढाच : सांगणारा कोण हे आधी ठरव, मग त्याची भाषा तुला सापडेल. भाषा आधी ठरवून माणूस शोधायला गेलास की बाहुली मिळते.

गोदीत मी पाहतो. आमच्या टोळीत भोजपुरी बोलणारा आहे, तेलुगू आहे, कोकणी आहे, मी वऱ्हाडी. काम करताना सगळ्यांची मिळून एक भाषा होते, पोतं उचलण्यापुरती. पण पाळी संपल्यावर कुणी घरी फोन लावला की त्याचा आवाजच बदलतो. माणसाच्या दोन जिभा असतात, एक कामाची नि एक चुलीपुढची. कथाकाराला ह्या दोन्हींमधली फट दिसली पाहिजे. जगात कुठंही जा, हे असंच आहे. गॉर्कीनं नदीकाठी हमाली केली नि १८९५ साली 'चेल्काश' ही बंदरातल्या चोराची गोष्ट छापली. अण्णाभाऊंनी गॉर्की वाचला नि त्यांचं लिखाण गॉर्कीची नक्कल झालं नाही. वाटेगाव नि चिरागनगर सोडून ते व्होल्गेवर राहायला गेले नाहीत.

आणि रिचर्ड राइट. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा त्यांच्या लेखकांकडंही बघा. राइटचं कथांचं पहिलं पुस्तक १९३८ साली आलं. ते वाचून बड्या घरच्या बाया रडल्या. राइटच्या ध्यानात आलं की रडून त्यांना बरं वाटलं! त्यानं ठरवलं, पुढचं पुस्तक असं लिहायचं की रडायची सोय राहणार नाही. मग १९४० साली 'नेटिव्ह सन' आलं. त्यातला बिगर थॉमस हा एक माणूस नव्हे. राइटनं लहानपणापासून पाहिलेले वेगवेगळे दांडगट पोरगे एकत्र मळून तो केला, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. हे आपल्या लेखकानं करायचं आहे. एक अनुभव घेऊन रडायचं नाही. पाच माणसं घेऊन एक घडवायचा, नि तो असा घडवायचा की वाचणाऱ्याला हुंदक्याची पळवाट मिळू नये.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप. चळवळीतला कार्यकर्ता म्हणतो, गोष्टी कसल्या रचता? इथं माणसं मरताहेत, खरं लिहा, पुरावे द्या. बरोबर आहे. पुरावे दिलेच पाहिजेत. पण पुराव्याचं काय होतं तेही बघा. खैरलांजी भंडारा जिल्ह्यातली, आमच्यापासून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २००६. एका घरातली चार माणसं मारली. खटला चालला, २००८ साली निकाल लागला, शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. जातीवरून झालं हे न्यायालयानं मानलं नाही. आख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं ते कागदावर उतरलं नाही. पंचनाम्यात मढं असतं, जखमा असतात, जागेचं मोजमाप असतं. आदल्या दिवशी गावानं त्या घराकडं कसं बघितलं ते नसतं. विहिरीवर कोण बोलायचं थांबलं ते नसतं. किराणा दुकानदारानं सुटे पैसे हातात न देता फळीवर का ठेवले ते नसतं. जात राहते ती ह्याच बारीक जागांत, नि पंचनाम्याचा टेप तिथं पोचत नाही. कथा पोचते. म्हणून मी म्हणतो, गोष्ट रचणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कागदानं गाळलेलं परत जागेवर आणून ठेवणं आहे.

मात्र एक बंधन पाळा. मेलेल्या खऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालू नका. ज्याच्या घरात प्रेत पडलंय त्याच्या परवानगीशिवाय त्याचं घर कथेत उघडं करू नका. रचायचं तर पुरतं रचा. गाव बदला, नातं बदला, काम बदला. दुःखाची चोरी सवर्ण लेखकानं केली तर आपण बोंबलतो. आपणही ती करायची नाही.

शेवटी सरावाचं. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला सौंदर्यशास्त्र कुणी शिकवलं नाही. मी एवढं करतो. कुठलंही काम दिसलं की त्याचा हिशोब विचारतो : मजुरी दिवसावर की वजनावर, पैसे कोण वाटतो, खाडा कोण धरतो, आजारी पडलास तर कोण येतो. ह्या चार प्रश्नांत एक तरी कथा सापडतेच. आमच्या हिंगणघाटचा कापूस साहेबाच्या राज्यात नावाजलेला होता. गाठी रेल्वेनं मुंबईला यायच्या नि बोटीनं विलायतेच्या गिरण्यांत जायच्या. वावरात वेचणारी बाई, जिनातला मजूर, नि गोदीत गाठ उचलणारा हमाल, ह्या तिघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही. एकच गाठ तिघांच्या हातून गेली. ही कथा अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. मी लिहीन, नाहीतर तू लिही.

लिहून झालं की कागदावर ठेवू नकोस. वस्तीत वाच. समीक्षकासमोर नव्हे, म्हातारीसमोर वाच. ती मध्येच उठून चूल फुंकायला गेली तर ती पानं फाड. तिनं "मंग?" विचारलं तर पुढं जा. आणि ती म्हणाली, "थे बाई अशी नाही बोलायची", तर वही काढ, नि ती कशी बोलली असती ते लिहून घे. आपलं विद्यापीठ ते. तिथं कुणाचा वशिला चालत नाही.

दोस्तांनो, ह्या अंकाला कविता पुष्कळ येतात. त्या येऊ द्यात. पण पुढच्या अंकाला गोष्टी पाठवा. सात पानांची, तीन पानांची, कशीही. तिच्यात भाषण नको. रडणं नको. दोन दारं द्या, एक माणूस द्या, त्याच्यासमोर दुसरा द्या, नि सांगणारा कोण ते ठरवून मगच पेन उचला. आपली गोष्ट आपण रचली नाही तर दुसरा कुणी रचेल, नि त्याच्या गोष्टीत आपल्याला कुठं उभं करतात ते आपण पिढ्यान् पिढ्या बघितलंय.

जय भीम.